बारवेची रीत कुणाची

रेवणा,

सहावी-अ अखेर मला मिळाली. सात वर्षं मागत होतो. अर्ज केले. हेडमास्तरांच्या मुलाच्या मुंजीत वाढायला उभा राहिलो आणि एका पाहुण्याच्या मांडीवर आमटी सांडली. वर्ग तुझ्याकडेच राहिला. आता मिळाला तो असा, की शिपाई वेळापत्रकाचा कागद घेऊन आला, त्यावर तुझं नाव लाल शाईनं खोडलेलं होतं आणि शेजारी माझं लिहिलेलं. सही करताना मनात पहिल्यांदा दुःख आलं असं लिहिलं तर शोभलं असतं. आलं ते असं : ‘बघ, मिळाला की नाही!’ मग लाज वाटली. मग तुझाच राग आला, कारण हे ज्याला ऐकवायचं तो समोर नव्हता.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलं आहे. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा, अशा क्रमानं. ते ड्रॉइंग मास्तर लिहितील, त्यांचं अक्षर चांगलं आहे. मी अंकाला हे पत्रच देणार आहे. मला हेडमास्तरांनी वेगळी एक सूचना केली आहे, ती ऐकल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. तिच्याकडे येतोच. पण आधी तुझ्या-माझ्यातलं जुनं.

तुला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगतो. इंग्रजी सहावी, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षाच्या दोन तुकड्या. अ तुझी, म्हणजे पोरांच्या अण्णा सरांची, ब माझी. मध्ये फळ्यांची आडभिंत, तीही छतापर्यंत न पोचणारी. दोघांना गणित एकच, घातांक आणि लॉग, आणि वेळापत्रक करणाऱ्या सद्गृहस्थानं आपले तास एकाच वेळी ठेवलेले. त्यामुळं तुझ्या वर्गातला तो आवाज मी सात वर्षं ऐकला. ‘आं!’ चाळीस पोरांना एकदम उमगलं की निघतो तो. मोठा नसतो. बैल गोठ्यात बसताना सोडतो तसल्या श्वासाएवढा असतो. माझ्या वर्गातून असा आवाज कधी आला नाही. माझ्या वर्गातून टाक घासल्याचा आवाज यायचा. पोरं माझं सगळं उतरवून घेत.

दहाचा शून्यावा घात एक का, हे मी शिकवायचो ते काय चुकीचं होतं? हजाराला हजारानं भागा. घातांकातून घातांक वजा करा, शून्य उरतं. भागाकार एक येतो. म्हणून दहाचा शून्यावा घात एक. खोडून दाखव म्हणावं. पोरं लिहून घेत आणि माझ्याकडे अशी बघत, की मी त्यांच्या खिशातून काहीतरी काढलंय, पण काय ते त्यांना कळत नाही. आणि आडभिंतीपलीकडून तुझा आवाज : “चढायला लागायच्या आदी माणूस कुटंतरी हुबा असतोय का न्हाय? मग तो एकावर हुबा हाय. अजून चढलाच न्हाय, म्हणून शून्य. दहानं एकदा गुणला, एक पायरी चढला.” आणि मग ते ‘आं!’

त्या रात्री जेवताना मी तीन वेळा तुझं नाव घेतलं. चौथ्या वेळी बायको म्हणाली, “अहो, घास तरी त्यांच्याशिवाय गिळा.”

आता लघुचं प्रकरण. तू असतास तर तूच सांगितलं असतंस, आणि माझ्यापेक्षा बरं. परीक्षेत लिहायचं इंग्रजीतच, पण वर्गात समजवायला लॉगला मराठी शब्द हवा, म्हणून मी पुस्तकी शब्द धरला : लघुगणक. मोठे गुणाकार लहान करून देणारं ते लघुगणक. तीन दिवस फळ्यावर ठळक लिहीत होतो. चौथ्या दिवशी माझी पाठ वर्गाकडे होती, हातात खडू होता, आणि मागल्या बाकावरचा मोडनिंबचा दिगंबर उठून म्हणाला, “सर, लघु...”

माझ्या वर्गात पहिल्यांदा कुणी आपण होऊन विचारत होतं. मी वळलोसुद्धा नाही. म्हणालो, “शाब्बास! लाजतोस कशाला? ये पुढं.”

“सर, पुडं?”

“पुढंच. इथं फळ्यापाशी उभा राहा आणि सगळ्यांना दिसेल असं कर.”

“सर... हितं?”

“हितंच! घाई नको. एकेक पायरी दाखवत कर. चुकलं तर मी पुसतो.”

वर्गाचं काय झालं ते सांगत नाही. मी वळलो तेव्हा दिगंबर करंगळी वर करून, पाय जुळवून, डोळ्यांत पाणी आणून उभा होता. आडभिंतीपलीकडे आधी शांतता पसरली. मग चाळीस पोरं हसली, आणि त्या सगळ्यांच्या वरून तुझं हसू. घोड्याला ठसका लागावा तसं. त्या दिवसापासून मी लघुसर झालो. गावात टांगेवाल्यापर्यंत नाव पोचलं. आजही आहे.

संध्याकाळी चौकातल्या चहाच्या दुकानात तू डोळे पुसत म्हणालास, “पंत, ते ‘चुकलं तर मी पुसतो’ लई झ्याक झालं बघ.” मी उठून निघालो तर माझ्या कोटाची बाही धरून बसवलंस. आणि मग, न हसता : “माझा शब्द घे की. चढ म्हण. हजाराचा चढ तीन. शंभराचा चढ दोन. गुणाकार म्हंजे चढावर चढ. पोरांस्नी कळतंय.”

“तुझा शब्द तुझ्यापाशी ठेव,” मी म्हणालो.

“माज्या बापाचा हाय व्हय तो? सोलापुरात चढ न्हायच कुटं. सगळं ताटावानी सपाट. म्हणून पोरांस्नी गंमत वाटती. घे.”

घेतला नाही. रेवणा, तो शब्द घेतला असता तर माझी लघुपासून सुटका झाली असती, पोरांना गणित कळलं असतं, आणि तुला बरं वाटलं असतं. तिन्ही गोष्टी मला दिसत होत्या. तिसरीमुळं घेतला नाही.

मी लघुगणकच म्हणत राहिलो आणि माझीच पोरं माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची, “हजाराचा चढ तीन, सर.” आडभिंतीवरून तुझा शब्द गळत होता. मग मी तुझ्या शब्दात भोक शोधायला बसलो, आणि ते मला सापडलं. ती माझ्या आयुष्यातली एक फार चांगली संध्याकाळ. चहा येण्याआधीच मी विचारलं, “पाचाचा चढ किती?”

“कोष्टकात बघ. ०.६९९०.”

“पन्नासाचा?”

“एक पायरी आनि तेवडंच. १.६९९०.”

“आणि ०.०५चा?”

तुझं तोंड मी बघत होतो. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग उणा येतो. पण कोष्टक वापरायचं म्हणजे दशांशापुढचे आकडे अधिकच ठेवावे लागतात, म्हणून लिहायचं ‘बार दोन, दशांश ६९९०’. दोनावर आडवी रेघ, पुढच्या आकड्यांवर नाही. उणे दोन आणि अधिक ०.६९९०, दोन्ही एकाच संख्येत शेजारी बसलेले. भल्याभल्या पोरांचा दम तिथं उखडतो.

“उणा चढ म्हणजे काय रे?” मी म्हणालो. “उतार? मग उतार असताना पुढचे आकडे चढतात कसे? तुझा चढ इथं लंगडला.”

“लंगडला खरा,” तू म्हणालास. सरळ मान्य केलंस. मला भांडण हवं होतं, तेही दिलं नाहीस.

पुढं तीन वर्षं तू ते शोधत होतास. दरवर्षी त्या धड्याला आलं की पोरांना सांगायचास, “हितनं पुडं चढ सोडा, नियम पाठ करा,” आणि त्या दिवशी आडभिंतीपलीकडून टाक घासल्याचा आवाज यायचा. माझ्यासारखाच. ते दिवस माझे फार छान जायचे. चहाच्या दुकानात ओल्या बोटानं टेबलावर तू जिने काढायचास. एकसारख्या पायऱ्या, पट्टी न लावता सरळ. पोऱ्या येऊन पुसून जायचा, तू पुन्हा काढायचास. “पंत, तुजं डोकं चालतंय. बघ की जरा, कसं बसवायचं ते.” मी म्हणायचो, शब्दच मुळात अडाणी आहे, तो बसणार कसा? खरं म्हणजे मीही घरी बघत होतो. मलाही सापडत नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटलं मी बघतच नाही. तसं वाटू दिलं.

तुझ्या तापाच्या नवव्या दिवशी मी आलो होतो, आठवतं का तुला? तुझी आई मंद्रूपहून आलेली, उशाशी बसून तुझ्याशी कानडीत काहीतरी बोलत होती. वहिनींनी मला पाट दिला. तू डोळे न उघडता विचारलंस, “पोरं कुटवर आली?”

“मोठ्या संख्यांचे लॉग झालेत. आता तुझा वर्ग नकाशे रंगवतो.”

“म्हंजे बारला अडलं.”

“अडलं.”

मग म्हणालास, “वर्ग तुला मिळंल आता. लई मागत हुतास न्हवं? घे.”

“आधी बरा हो. मग भांडून घेतो.”

“भांडून तुला कदी मिळाला न्हाय,” तू म्हणालास, आणि तुझी आई हसली. तिला मराठी कळतं हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी तू गेलास. जातानाही वर्ग तूच मला दिलास. मी मिळवला असं मला म्हणता येणार नाही, याची तजवीज करून गेलास.

गेल्या सोमवारी मी पहिल्यांदा सहावी-अ मध्ये उभा राहिलो. पोरांनी हजेरी दिली. कुणी लघु म्हणालं नाही. तेवढी सवलत त्यांनी तुझ्यासाठी दिली असावी. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, की आज तुझा शब्द मोडायचा. पोरांनाच विचारायचं, उणा चढ कसा असेल? त्यांना उत्तर येणार नाही, मग म्हणायचं, म्हणून चढ नव्हे, लघुगणक. सभ्य भाषेत, तुझ्याबद्दल आदरानं, पण मोडायचा. मेलेल्या माणसाशी असला डाव खेळायचा म्हणजे किती खालची पातळी, हे कळत होतं. तरी ठरवलं होतं.

मोडायचा तर आधी उभा करायला हवा, म्हणून तुझा जिना काढायला घेतला. माझी चित्रकला तुला ठाऊक आहे. जमिनीची रेघ मारली ती फळ्याच्या पार मध्यावर, म्हणजे वर जिन्याला जागाच उरली नाही. म्हणून जिना खालपासून सुरू केला. काढत काढत वर गेलो, मागं सरून बघतो तर जमिनीच्या रेघेवर तीन पायऱ्या आणि रेघेखाली दोन.

पहिल्या बाकावरचा नरसय्या, विणकराचा मुलगा, वर्गाचा मॉनिटर. तो हळूच म्हणाला, “सर, जिना जमिनीत गेला.”

वर्ग हसला. मी चिडलो. “गेला तर गेला! बारव समजा!”

आणि रेवणा, माझाच शब्द माझ्या कानावर पडला आणि मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. बारव. पायऱ्यांची विहीर. बार... बारव.

“बार दोन म्हणजे काय?” मी ओरडलो असेन, कारण पोरं दचकली. “बारवेत दोन पायऱ्या खाली! जमिनीवर एक आहे. एक पायरी खाली ०.१, दोन पायऱ्या खाली ०.०१. आता ०.०५ कुठं आहे?”

“त्या दोन पायऱ्यांच्या मदी,” करकंबचा पांडू म्हणाला.

“मग कसं जायचं? आधी दोन पायऱ्या पुऱ्या उतरायच्या. अर्धी पायरी उतरता येत नाही, पाय घसरतो. खालच्या पायरीवर उभं राहायचं आणि तिथून वर चढायचं. किती?”

“.६९९०,” नरसय्या म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

“पाचाला किती चढलो होतो? पन्नासाला? कुठल्याही पायरीवर उभे राहा, पाचासाठी तेवढंच चढायचं. खाली फक्त पायऱ्या मोजायच्या. चढ नेहमी वरच!” मी फळ्यावर बार दोन लिहून दोनावरची रेघ गिरवली. “आणि ही रेघ कशाची?”

मीच सांगून टाकलं.

“पाण्याची! दोनाच्या डोक्यावरून पाणी गेलंय. पुढच्या आकड्यांवर रेघ का नाही? ते उतरलेलेच नाहीत, ते वर निघालेत.”

पांडू म्हणाला, “पन सर, तितनं चढला तरी मानूस पान्यातच की अजून.”

“पाण्यात आहे, पण वर येतोय ना?”

“व्हय,” पांडू म्हणाला. “वर येतोय.”

आणि मग तो आवाज आला. चाळीस पोरांचा. माझ्या बाजूनं, माझ्या तोंडासमोर. आडभिंतीपलीकडे माझी ब तुकडी ड्रॉइंगच्या तासाला बसली होती. तिकडचे कागद खसखसायचे थांबले. रेवणा, मी तुझा शब्द मोडायला गेलो होतो, आणि तो कायमचा उभा करून आलो. तुझ्या हातून हे होणार नव्हतं. तुझा जिना सरळ यायचा, नेमका जमिनीवरून सुरू व्हायचा. जिना जमिनीत घालायला माझ्याइतकं गबाळं माणूस लागतं.

तास संपताना नरसय्या उठला. “सर, हे अण्णा सरांनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना? आजारी असताना?”

“नाही रे. माझं आहे. आत्ता सुचलं, तुमच्यासमोर.”

“व्हय सर,” नरसय्या म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. मागून कुणीतरी त्याला कुजबुजलं, “राहू दे की. सर दुःखात हायत.”

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. बहुतेक वह्यांत ठळक अक्षरात मथळा : ‘अण्णा सरांची बारव’. मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अण्णांनी कधीतरी बोलून दाखवलं असेल. तुमच्या लक्षात राहिलं नसेल.” आणि काल हेडमास्तरांनी बोलावून ती सूचना केली : “रेवणप्पांची ती बारवेची रीत लेखात अवश्य घाला. मुलं फार सांगतात.” मी म्हणालो, साहेब, ती रीत माझी आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “मित्राचं ते आपलं वाटणं, असा एकोपा हल्ली दिसत नाही.”

म्हणून इथं छापील अक्षरांत लिहून ठेवतो. चढ हा शब्द रेवणप्पाचा. शून्याचा आणि एकाचा उलगडा त्याचा. पोरांना आवडणं त्याचं, सहावी-अ त्याचीच होती आणि बहुधा राहील. बारव त्याची नाही. बारव माझी आहे. वाचणारे यावर काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणतील, बघा कसं प्रेम, मित्राची जागा रिकामी राहू नये म्हणून भांडल्याचं सोंग करतात बिचारे.

तुला हे चहाच्या दुकानात सांगायचं होतं. तू आधी टेबलाकडे बघितलं असतंस. बोटानं दोन पायऱ्या खाली काढून पाहिल्या असत्यास, एकदा, पुन्हा एकदा. मग तुझं तोंड उतरलं असतं, जरासं, क्षणभर. आजवर मला रोज वाटायचं ते तुला एकदा वाटलं असतं. ते बघायला मी बशीतला चहा निवू दिला असता. मग तू हसला असतास आणि आपण होऊन सगळ्या शाळेला सांगत सुटला असतास, की हे पंतानं काढलं, मला तीन वर्षं जमलं नाही.

आणि तू सांगितलं असतंस म्हणून त्यांनी मानलंही असतं. सबंध सोलापुरात माझ्याखेरीज ती बारव तुझी नाही हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच होता रे.